बाळंतिणीचा गंभीर मानसिक आजार : औषध, समुपदेशन आणि त्यांचा क्रम

बाळंतपणानंतरचा मानसिक त्रास तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर येतो. औषध द्यावे की समुपदेशन, या वादातला निम्मा गोंधळ या तिन्ही पातळ्या एकाच नावाखाली बोलल्या जातात म्हणून होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून अधिक बाळंतिणींना कारण नसताना रडू येते, चिडचिड होते. दहा-बारा दिवसांत ते आपोआप ओसरते. त्याला औषध लागत नाही; झोप, पोटभर जेवण आणि घरातल्यांचा धीर पुरतो. प्रसूतीनंतरचे नैराश्य मात्र आठवडे, महिने टिकते. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज २०१७मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते सुमारे २२ टक्के मातांमध्ये आढळले होते. तिसरा आजार, सायकोसिस, हजार बाळंतपणांमागे एखाद-दुसऱ्या स्त्रीला होतो. तो विरळा असल्यामुळेच ओळखायला उशीर होतो, आणि या आजारात उशीर सर्वांत महाग पडतो.

सायकोसिसची सुरुवात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते, पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच. पहिली खूण झोपेची. बाळ शांत झोपले आहे, दुपटे बदलायला दुसरे माणूस हजर आहे, तरी बाळंतिणीचा डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, नवीन आहे, दमली आहे. तिसऱ्या रात्री ती दोन वाजता उठून कपाट आवरते, दुपट्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालते, भरभर बोलते आणि वाक्य अर्धवट सोडते. सकाळी ती गप्प असते. दुपारी सांगते की हे बाळ आपले नव्हे, दवाखान्यात बदलले; किंवा खिरीत कोणीतरी काही घातले आहे; किंवा बाळाला एका मोठ्या कार्यासाठी देवाने पाठवले आहे आणि ते तिला एकटीलाच कळले आहे. तासाभराने ती इतकी नीट बोलते की सकाळी काही घडले होते यावर घरच्यांचाच विश्वास बसत नाही. हा चढउतार आणि हा गोंधळलेपणा हे या आजाराचे खास लक्षण आहे, आणि त्यामुळेच तो फसवतो. नात्यातल्या आल्यागेल्यांना ती अगदी बरी दिसलेली असते.

मग बाहेरचे काही झाले असेल, अशी कुजबुज सुरू होते. अंगारा येतो, दृष्ट काढली जाते, देवऋष्याकडे फेरी होते. अंगाऱ्याने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते त्यात गेलेल्या चार दिवसांनी. बाळंतिणीला बांधून ठेवणे, धुरी कोंडणे, मारहाण करून भूत उतरवणे हे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. पण कायद्याच्या आधी तिथे डॉक्टर पोहोचला पाहिजे.

या आजाराचे सविस्तर वर्णन नवे नाही. फ्रान्सच्या लुई व्हिक्टर मार्से यांनी गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या वेडावरचा आपला ग्रंथ १८५८मध्ये प्रसिद्ध केला. या विषयावर काम करणाऱ्यांची १९८०मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था त्यांचेच नाव लावते. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी झपाट्याने कोसळते, त्यातच झोप मोडते. बहुतेक स्त्रिया हा धक्का पचवतात. ज्यांच्या शरीरात आधीपासून कल असतो, त्यांच्यात तो आजार उफाळून आणतो. हा कल मुख्यतः बायपोलर आजाराचा, म्हणजे उन्माद आणि नैराश्याच्या आळीपाळीने येणाऱ्या झटक्यांचा. बायपोलर असलेल्या पाचांतल्या साधारण एका स्त्रीला प्रसूतीनंतर गंभीर झटका येतो, आणि ज्यांना आधीच्या बाळंतपणात सायकोसिस झाला होता त्यांना तो पुन्हा होण्याची शक्यता याहूनही मोठी असते. स्वभाव, सासू-सुनेचे संबंध, आईपणाची हौस नसणे, यांवर या आजाराचे खापर फोडणे म्हणजे आजारी बाईवर आणखी एक अन्याय करणे होय.

मात्र असे प्रत्येक लक्षण सायकोसिसचेच नसते. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग, थायरॉइडचा बिघाड, मेंदूची सूज, यांतही बाळंतीण असंबद्ध बोलू लागते. आपल्याकडे शिरेतली गुठळी बाळंतिणींमध्ये दुर्मीळ नाही. म्हणून ताप, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा हातापायातली कमजोरी असेल तर आधी शरीराची तपासणी झाली पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी लिहून प्रसूतितज्ज्ञाची जबाबदारी संपत नाही.

सायकोसिस असेल, तर औषध की समुपदेशन हा प्रश्नच उरत नाही. ज्या स्त्रीची स्वतःच्या बाळाविषयीची खातरी भ्रमाने व्यापली आहे, तिला समजुतीच्या गोष्टी सांगून तो भ्रम हटत नाही. रॉटरडॅममध्ये फेरले बर्गिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ रुग्णांवर पायरीपायरीने उपचार केले : आधी झोप यावी म्हणून बेन्झोडायझेपिन, मग अँटिसायकोटिक, आणि तेवढ्याने न भागल्यास लिथियम. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात एक सोडून सर्व स्त्रिया बऱ्या झाल्या. पुढच्या महिन्यांत लिथियमवर ठेवलेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाणही कमी राहिले. इतका भयावह दिसणारा आणि तरी इतका पूर्ण बरा होणारा आजार मानसोपचारात क्वचितच सापडतो. आत्महत्येचा धोका टोकाचा असेल, बाईने अन्नपाणी सोडले असेल किंवा औषधाची वाट पाहण्याइतका वेळ नसेल, तर विद्युतोपचार लवकर गुण देतो. चित्रपटांनी या उपचाराची भीती मनात घातली आहे. प्रत्यक्षात २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास बंदीच घातली आहे.

औषध सुरू करण्याइतकेच ते कधी आणि कोणाच्या देखरेखीखाली थांबवायचे हेही महत्त्वाचे असते. अमेरिकेतल्या टेक्सासमधील अँड्रिया येट्स यांना चौथ्या बाळंतपणानंतर, १९९९मध्ये, आत्महत्येच्या दोन प्रयत्नांनंतर हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकने गुण आला होता. पुन्हा मूल होऊ देऊ नये, असा सल्ला त्यांना मिळाला होता. पाचव्या मुलानंतर आजार उलटला. जून २००१च्या सुरुवातीला अँटिसायकोटिक बंद झाले आणि २० जूनला त्यांच्या हातून पाचही मुलांचा पाण्यात बुडून अंत झाला. २००२मध्ये त्यांना जन्मठेप झाली. ती शिक्षा पुढे रद्द ठरली आणि २००६च्या फेरखटल्यात, वेडसरपणामुळे त्या दोषी नाहीत, असा निकाल लागला. न्यायालयाला जे पाच वर्षांनी मान्य झाले, ते त्यांच्या केसपेपरवर घटनेच्या आधीच लिहिलेले होते.

नैराश्याच्या बाबतीत चित्र वेगळे आहे, आणि खरा वाद तिथेच शोभतो. मँचेस्टरमध्ये लुई ॲपलबी यांच्या गटाने १९९७मध्ये ८७ मातांवर केलेली चाचणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. काहींना फ्लुऑक्सेटिन, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. त्यासोबत कोणाला समुपदेशनाची एक बैठक, कोणाला सहा. औषधाने गुण आला. सहा बैठकींनीही आला. दोन्ही एकत्र दिल्याने मात्र वेगळी अशी भर पडली नाही. या निष्कर्षाइतकीच बोलकी गोष्ट म्हणजे सहभागाला शंभराहून अधिक स्त्रियांनी नकार दिला, आणि त्याचे मुख्य कारण गोळी घेण्याची नाखुशी हे होते. सौम्य ते मध्यम नैराश्यात ही नाखुशी मान्य करून बैठकींनी सुरुवात करणे शास्त्राला धरूनच आहे. मात्र बाई उठत नाही, जेवत नाही, मरणाचे बोलते आहे, अशा नैराश्यात तिच्या नाखुशीची ढाल करून औषध लांबवणे हे तिच्या स्वातंत्र्याचा मान राखणे नव्हे.

नैराश्यात बोलण्याच्या उपचाराचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसोझा यांनी २७० मातांचा पाठपुरावा केला. २००२मध्ये आलेल्या या अभ्यासात २३ टक्के मातांना नैराश्य होते, त्यांतल्या बहुतेकींची अस्वस्थता गरोदरपणातच सुरू झालेली होती, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारी होत्या. त्यामागे गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि त्या दोन्हींचा फटका मुलगी झालेल्या घरात अधिक बसत होता. सर्ट्रालिन या नैराश्याच्या गोळीने अशा बाईची झोप आणि उमेद परत येते. नवऱ्याचा हात मात्र थांबत नाही. तिथे समुपदेशनाला नवरा, सासू आणि कधी कधी पोलीस ठाण्यापर्यंत जावे लागते. बंद खोलीत तिला सहनशीलता शिकवणारे समुपदेशन हा उपचार नाहीच.

आणि समुपदेशकच नाहीत, ही सबबही पूर्णपणे टिकत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान यांनी सामान्य आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन ९०३ नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रियांपैकी एका गटाच्या घरी पाठवले. २००८च्या अहवालानुसार बाळ सहा महिन्यांचे होईतो सेविकेच्या प्रशिक्षित भेटी मिळालेल्यांपैकी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य उरले होते, तर नुसत्या नेहमीच्या भेटी झालेल्यांपैकी ५३ टक्के स्त्रियांना. तोच कार्यक्रम पुढे गोव्यात शेजारपाजारच्या स्त्रियांकरवी राबवला गेला. फायदा दिसला, पण इतका ठळक नव्हता.

इथे एक धोक्याची जागा आहे. पिट्सबर्गमध्ये कॅथरिन विस्नर यांनी दहा हजार मातांची चाळणी करून नैराश्याची शंका आलेल्यांची घरी जाऊन तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या पाचांपैकी एकीहून अधिक स्त्रियांना बायपोलर आजार निघाला. अशा स्त्रीला नुसते नैराश्याचे औषध दिले तर उन्माद उफाळू शकतो. एडिंबरो प्रश्नावलीचे दहा प्रश्न १९८७पासून जगभर वापरात आहेत, पण ते उन्मादाविषयी विचारत नाहीत. म्हणून पूर्वी कधी झोपेवाचून चालले होते का, अमाप उत्साह आला होता का, घरात आई-बहिणीला बाळंतपणात असे झाले होते का, एवढे विचारल्याशिवाय औषधाची चिठ्ठी लिहू नये.

दुधाची काळजी सर्वांनाच वाटते, आणि ती योग्यच आहे. परंतु सर्ट्रालिन घेणाऱ्या आईच्या बाळाच्या रक्तात ते औषध अत्यल्प असते, अनेकदा मोजण्याइतकेही नसते. लिथियम दुधात बऱ्यापैकी उतरते. ते द्यायचे तर बाळाच्या रक्ताची तपासणी करावी लागते, नाहीतर वरचे दूध पाजावे लागते. बायपोलरमध्ये दिले जाणारे व्हॅलप्रोएट हे मूल होण्याच्या वयात शक्यतो टाळण्याचेच औषध. अंगावर पाजण्याचा हट्ट आणि आईचा जीव यांत निवड करायची वेळ आली, तर बाळालाही जिवंत, शुद्धीवर असलेली आईच हवी असते.

सायकोसिस ओसरल्यावर समुपदेशनाची पाळी येते, आणि तेव्हा त्याला पर्याय नसतो. शुद्धीवर आलेल्या आईला आपण काय बोललो, काय करायला निघालो होतो, हे तुकड्यातुकड्यांनी आठवते. बाळाला उचलताना तिचे हात कापतात. सासरचे लोक बाळ तिच्या हाती द्यायला कचरतात, आणि माहेरी ही गोष्ट झाकून ठेवण्याकडे कल असतो. पुढचे मूल हवे असेल तर प्रसूती होताच लिथियम सुरू करण्यासारखे उपाय आधीपासून ठरवावे लागतात. हे सारे बोलण्यानेच होते, आणि आई-बाळ जवळ असतील तर चांगले होते. लंडनच्या कॅसेल रुग्णालयात १९४८मध्ये थॉमस मेन यांनी आईला मुलासह दाखल करून घेण्यास सुरुवात केली. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९मध्ये पाच खाटांचा आई-बाळ कक्ष उभा राहिला. तिथे घरची एक स्त्री, बहुधा आजारी बाईची आईच, सोबत राहते आणि बाळाला पाजताना परिचारिका शेजारी बसते. २०१७चा कायदाही सांगतो की दाखल झालेल्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये. बाळाला धोका असेल तर तात्पुरते वेगळे ठेवावे आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा. जिल्हा रुग्णालयांत अशा दोन खाटा राखून ठेवणे हे पैशाचे काम कमी आणि इच्छेचे जास्त आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचे वजन घेते, ताप बघते, नाळ बघते. यांतल्या पहिल्या तीन भेटी सायकोसिस सुरू होण्याच्या काळातच पडतात. बाळ झोपले असताना आई झोपते का, आणि गेल्या दोन-चार दिवसांत ती ओळखू न येण्याइतकी बदलली आहे का, हे दोन प्रश्न त्या भेटींत घरच्यांना विचारले जावेत. झोपेचे उत्तर ‘नाही’ किंवा बदलाचे ‘हो’ आले, तर त्याच दिवशी, उद्यावर न ढकलता, तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि तोवर बाळासोबत एकटे सोडू नये. प्रत्येक प्रसूतिगृहाने हे दोन प्रश्न आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर मराठीत छापून द्यावा, अशी विनंती प्रसूतितज्ज्ञांना, बालरोगतज्ज्ञांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना आहे.