बऱ्या झालेल्या मनाचें औषध

रोग बरा झाला कीं औषध बंद करावें, हा घरोघरचा नियम आहे आणि सर्दीखोकल्यापुरता तो खराहि आहे. परंतु कांहीं रोगांत हाच नियम रोग्याच्या मुळावर येतो. स्किझोफ्रेनिया, ज्यास मराठींत छिन्नमनस्कता म्हणतात, हा त्यांपैकीं एक होय.

परभणी जिल्ह्यांत या रोगाची कथा बहुधा ठराविक वाटेनेंच जाते. जिंतूर किंवा पालमकडील एखादा विशीच्या आंतबाहेरचा, कॉलेजांत जाणारा मुलगा रात्र रात्र जागूं लागतो. शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, असा त्याचा ग्रह होतो. कोणी बोलत नसतां त्यास आवाज ऐकूं येतात. प्रथम अंगारेधुपारे होतात, मग देवळाच्या वा दर्ग्याच्या वाऱ्या होतात आणि बरेच महिने गेल्यावर कोणी शहाणा नातलग त्यास परभणीस किंवा नांदेडास मनोविकारतज्ज्ञाकडे नेतो. गोळ्या सुरू होतात. कांहीं आठवड्यांत आवाज मावळतात, झोंप येते, मुलगा पुन्हां शेतावर जाऊं लागतो, चारचौघांत बसतो. घरास हायसें वाटतें. आणि नेमक्या याच वेळीं कोणीतरी म्हणतें, "आतां चांगला झाला, विषासारख्या गोळ्या कशाला चारतां?"

गोळी थांबल्यावर दुसऱ्या दिवशीं कांहींच बिघडत नाहीं. उलट, औषधाची सुस्ती उतरल्यानें पहिले कांहीं आठवडे रोग्यास अधिकच तरतरी वाटते, आणि घरच्या मंडळींस आपला निर्णय योग्य असल्याचा जणूं पुरावाच मिळतो. मग तीन महिन्यांनीं, सहा महिन्यांनीं, कधीं वर्षानेंहि, झोंप उडते आणि आवाज परत येतात. एवढ्या अवधीनें गोळीची आठवण कोणास राहणार? दोष अमावास्येस दिला जातो, भावकीस दिला जातो, परीक्षेच्या ताणास दिला जातो. कारण आणि कार्य यांत इतकें अंतर पडल्यामुळेंच हा गैरसमज सुशिक्षित घरांतूनहि टिकून आहे.

या प्रश्नाचा शोध आंकड्यांनीं घेतला गेला आहे. न्यूयॉर्क येथें पहिल्या झटक्यांतून सावरलेल्या १०४ रोग्यांवर पांच वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. त्याचा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. पांच वर्षांत शेंकडा सुमारें ८२ जणांस रोग उलटला, आणि औषध सोडणाऱ्यांस हा धोका जवळजवळ पांचपट होता. हाँगकाँगच्या डॉक्टरांचा प्रयोग, जो २०१० सालीं छापला गेला, अधिकच बोलका आहे. त्यांनीं पहिल्या झटक्यानंतर निदान एक वर्ष औषधावर उत्तम राहिलेले १७८ रोगी निवडले. निम्म्यांस खरें औषध चालू ठेवलें, निम्म्यांस तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांत शेंकडा ४१ जणांस आणि पोकळ गोळीवाल्यांत शेंकडा ७९ जणांस रोग उलटला. दहा वर्षांनंतरची स्थिति पाहिली तेव्हां औषध चालू ठेवलेल्यांत शेंकडा २१ जणांची अवस्था वाईट होती. थांबवलेल्यांत ती शेंकडा ३९ जणांची होती. म्हणजे एका वर्षाच्या त्या फरकाची सावली पुढें दशकभर पडली. औषध घेऊनहि शेंकडा ४१ जणांस रोग उलटला, हेंहि झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. औषध ही ढाल आहे, चिलखत नव्हे.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हॉलंडमधील एका अभ्यासांत ज्यांचें औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं कमी करण्यांत आलें, त्यांस आरंभीं रोग अधिक वेळां उलटला. परंतु सात वर्षांनंतर त्यांच्यांतील अधिक लोक कामधंदा आणि संसार नीट करतांना आढळले. हा वृत्तांत २०१३ सालचा. त्यावर तज्ज्ञांत अद्यापि वाद आहे. मात्र त्या वादांतील कोणताहि पक्ष, रोग्यानें वा त्याच्या मामानें परस्पर गोळ्या बंद कराव्यात, असें म्हणत नाहीं. पहिल्या झटक्यानंतर निदान एक-दोन वर्षें औषध चालू ठेवावें आणि मग कमी करावयाचें झाल्यास तें हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखालीं करावें, इतकें बहुतेकांस मान्य आहे.

ही औषधें हातीं येऊन फार काळ लोटलेला नाहीं. सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर होणारा उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं कलकत्त्याहून जगापुढें मांडला. पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझिनचा गुण १९५२ सालीं दिसून आला. तत्पूर्वीं उपचार म्हणजे बहुधा कोंडून ठेवणें. परभणी निजामाच्या राज्यांत असतां त्या राज्याचें वेड्यांचें इस्पितळ जालन्यास होतें. स्वातंत्र्यानंतर तें हैदराबादेस हललें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें मनोरुग्णालयें होतीं. मराठवाड्याच्या वाट्यास एकहि नव्हतें.

त्यामुळें औषध चुकण्याचीं कारणें सर्वस्वीं अज्ञानाचीं नाहींत. गंगाखेड-सोनपेठकडील कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतें तें उन्हाळ्याच्या तोंडींच परततें. महिन्याच्या गोळ्या पालावर कधींच संपून गेलेल्या असतात. लग्नाचें कारण तर याहून नाजूक. सासरीं गोळ्या दिसूं नयेत म्हणून मुलीचें औषध हळदीच्या आधींच बंद होतें. मग जागरणें, नवें घर, नवीं माणसें, आणि औषधाचा आधार नाहीं. रोग उलटतो तो नेमका तेथें, जेथें तिची बाजू घेणारें कोणी नसतें. आधीं विश्वासानें सांगितलेलें लग्न मोडण्याची भीति खरी आहे. लपवून केलेलें लग्न मोडण्याची भीति त्याहून मोठी आहे.

रोज गोळी घेणें ज्यांस जमत नाहीं त्यांच्यासाठीं दोन ते चार आठवड्यांनीं एकदां घ्यावयाचें लांब मुदतीचें इंजेक्शन आहे. फ्ल्यूफेनाझिनचें असें इंजेक्शन जुनें व स्वस्त आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें सरकारी उपचाराचा हक्क प्रत्येकास दिला असून आवश्यक औषधांच्या यादींतील औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळालीं पाहिजेत, असें त्यांत म्हटलें आहे.

औषधाचा त्रास खोटा नाहीं. हात कांपतात, अंग आंखडतें, वजन व रक्तांतील साखर वाढते. कांहीं औषधांनीं मासिक पाळी चुकते. रोगी कुरकुरतो तेव्हां त्यास आळशी न ठरवितां ती तक्रार जशीच्या तशी डॉक्टरांस सांगावी. मात्रा कमी करतां येते, औषध बदलतां येतें. ज्याच्या त्रासाकडे कोणी लक्ष देत नाहीं, तो गोळी जिभेखालीं ठेवून मोरीत थुंकतो.

उलटणारा रोग बहुधा वर्दी देऊन येतो. दोन-तीन रात्री झोंप न लागणें, जेवणाचा संशय, एकटें बसणें, रेडिओंतील बोलणें आपल्याविषयींच आहे असें वाटणें, हीं त्याचीं चिन्हें. प्रत्येक रोग्याचीं चिन्हें थोडीं निराळीं असतात आणि मागच्या खेपेस जीं दिसलीं तींच बहुधा पुन्हां दिसतात. म्हणून रोगी बरा असतांनाच त्याच्याजवळ बसून तीं कागदावर लिहून ठेवावींत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झालेली आहे. तिच्यावर मराठींतूनहि सल्ला मिळतो. तो क्रमांक, गोळ्यांचीं नांवें आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख त्याच कागदावर लिहावी, आणि ऊसतोडीस निघणाऱ्या घरानें तो कागद शिधापत्रिकेबरोबर पेटींत ठेवावा.