आधी काम, मग यंत्र

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतील एक साधा लिपिक. मोबाईलच्या तंत्रज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही कार्यकारिणीने हा विषय माझ्याकडे सोपविला, कारण या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो आहे आणि ते मी कोणापासून लपविलेले नाही.

२०२० सालची दिवाळी. माझी मुलगी नववीत होती, शाळा ऑनलाईन चालू होती. बँकेत जाताना घरातला एकमेव मोबाईल माझ्याबरोबर जाई. म्हणून पनवेलच्या बाजारातून दहा हप्त्यांवर एक टॅब घेतला. पडदा मोठा आणि किंमत कमी, एवढेच पाहिले. आत २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेज आहे म्हणजे काय, हे विचारले नाही. पुढच्या जुलैत, दहावीच्या घटक चाचणीच्या दिवशी तो टॅब मध्येच अडकला आणि पेपर अर्धा राहिला. मुलगी मला काही बोलली नाही. परंतु दोन हप्ते अजून बाकी होते आणि ते भरताना मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन सुरू केले. २०१९ मध्ये असे सुमारे एक लाख मोबाईल वाटले गेले होते. त्यांतही रॅम २ जीबीच होती. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे नवे अ‍ॅप आले. ते या मोबाईलवर नीट चालत नाही, मोबाईल तापतो, बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च आमच्यावर येतो आणि अ‍ॅप मराठीत नाही, अशा सेविकांच्या तक्रारी होत्या. बालकांचे वजन-उंची नोंदविणाऱ्या भगिनींचे काम यंत्रामुळे खोळंबले. ती बातमी वाचताना मला माझा टॅब आठवला. यंत्र आधी आले आणि त्यावर काम किती पडणार, याचा विचार मागे राहिला, असे मला दोन्हीकडे दिसले.

मित्रहो, आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर रॅम म्हणजे काउंटर आणि स्टोरेज म्हणजे रेकॉर्ड रूम. काउंटर लहान असेल तर एका वेळी दोनच ग्राहक उभे राहतील, बाकीचे खोळंबतील. रेकॉर्ड रूम भरली तर नवा कागद ठेवायला जागा राहत नाही. १६ जीबीपैकी मोठा भाग तर यंत्राची स्वतःची प्रणालीच व्यापते. म्हणून माझा टॅब सात-आठ महिन्यांत थकला.

तेव्हा खरेदीपूर्वी एका कागदावर काम लिहा. ओटीपी, शिष्यवृत्तीचा अर्ज, पैसे पाठविणे, यासाठी सिमकार्डाचा चांगला मोबाईल पुरे. पुस्तके वाचायची, व्याख्याने पाहायची, तर टॅब डोळ्यांना बरा. प्रकल्प अहवाल टाईप करायचा, हिशेबाचे तक्ते किंवा प्रोग्रॅमिंग शिकायचे, तर लॅपटॉपच हवा. तो परवडत नसेल तर महाविद्यालयाच्या संगणक कक्षाचा उपयोग करा, पण त्याची भूक टॅबवर भागवू नका. दुकानदाराला कॅमेऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? ते बंद झाले की कालांतराने बँकेची अ‍ॅपही जुन्या यंत्रावर चालेनाशी होतात. जुना मोबाईल घ्यायचा असेल तर बिल मागा, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा आयएमईआय क्रमांक बिलाशी ताडून पाहा. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तो क्रमांक तपासता येतो आणि चोरीस गेलेला मोबाईल तेथेच बंदही करता येतो.

आता देखभाल. लिथियम-आयन बॅटरीला सर्वांत मोठा धोका उष्णतेचा. मोबाईल उशीखाली ठेवून चार्ज करू नका, दुपारच्या उन्हात खिडकीत ठेवू नका. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता बरीच उतरते. अशा वेळी नवा मोबाईल घेण्याआधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारून पाहा. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो. मोबाईल भिजला तर लगेच चार्जिंगला लावू नका. बंद करून, पुसून, मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे आणि नको ते व्हिडिओ आठवड्यातून एकदा काढून टाका. जागा पूर्ण भरली की काही मोबाईलवर संदेशही येत नाहीत, ओटीपी अडकतो आणि अर्जाची मुदत निघून जाते. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत पेनड्राईव्हवर किंवा अन्यत्र अवश्य ठेवा.

माझा तो टॅब मी फेकला नाही. सगळे पुसून, फॅक्टरी रीसेट करून त्यावर फक्त पुस्तके ठेवली. तेवढ्या कामाला तो आजही चालतो. यंत्र वाईट नव्हते, मी त्याच्यावर भलतेच ओझे टाकले होते.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असे चालू स्थितीतील मोबाईल पडून आहेत. ते असेच पुसून संस्थेकडे द्यावेत आणि संस्थेने ते गरजू विद्यार्थ्यांना त्यांच्या कामाचा अंदाज घेऊन द्यावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. कोणत्या विद्यार्थ्याला कशासाठी हवा, हे आधी विचारावे, मगच द्यावा. चाचणीच्या दिवशी कोणाचा पेपर अर्धा राहू नये, एवढीच अपेक्षा.