बॅलेचा जमाखर्च : कॅनडाच्या राष्ट्रीय बॅले कंपनीची कहाणी



कलेविषयी बोलताना पैशाची गोष्ट काढू नये, असा आपल्याकडे एक संकेत आहे. पंगतीत पाहुणा जेवत असताना तांदळाचा भाव काढू नये, तसाच हा संकेत. पण पाहुणा उठून गेल्यावर वाण्याचे बिल कोणाला तरी चुकते करावेच लागते. आज आम्ही त्या बिलाविषयीच बोलणार आहोत. उदाहरण घेतले आहे ते दूरचे, कॅनडाच्या राष्ट्रीय बॅले कंपनीचे. दूरच्या घरचा हिशेब शांतपणे तपासता येतो, हे एक कारण. आणि पैसा व कला यांचे नाते तेथे जितके उघडे दिसते तितके क्वचितच कोठे दिसते, हे दुसरे.

‘बॅले’ हा शब्द आपल्याला नवा नाही. मुंबईत शांती बर्धन यांनी १९५२ साली ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापन केला, तेव्हापासून तर तो आपल्या कानांवर आहेच. परंतु आपण ज्याला नृत्यनाट्य म्हणतो त्याहून युरोपीय बॅले निराळा. त्यात शब्द नाही, गाणे बहुधा नाही. आहे ते पायाच्या अंगठ्यांच्या टोकांवर तोललेले शरीर, खाली वाजणारा मोठा वाद्यवृंद आणि मागे एका लयीत हलणारा नर्तिकांचा ताफा. ‘स्वान लेक’मध्ये हंसिनींची रांग येते, तेव्हा ती रांगच नृत्याचा प्राण असते. रांग निम्मी केली, तर नृत्य निम्मे होत नाही. ते नाहीसेच होते. आमच्या आजच्या सगळ्या विवेचनाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आता कहाणीकडे वळू. टोरोंटो शहरातील काही नृत्यप्रेमी स्त्रियांनी मनावर घेतले की आपल्या देशाला स्वतःची बॅले कंपनी हवी. त्यासाठी इंग्लंडहून सीलिया फ्रँका या नर्तिकेला बोलावण्यात आले. कंपनी उभी राहीपर्यंत पोट भरायला या बाईंनी ईटन नावाच्या मोठ्या दुकानात कारकुनी केली, आणि १२ नोव्हेंबर १९५१ रोजी त्याच ईटनच्या सभागृहात कंपनीचा पहिला प्रयोग झाला. नर्तक तरुण, तिजोरी रिकामी, आणि देश एवढा अफाट की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे म्हणजे बसने आणि आगगाडीने दिवसांमागून दिवस प्रवास. फ्रँकाबाईंनी तरीही हट्ट धरला की ‘जिझेल’, ‘स्वान लेक’, ‘नटक्रॅकर’ हे जुने पूर्ण बॅले आमच्याकडे असलेच पाहिजेत. लहान कंपनीने लहान कृती कराव्यात, असे व्यवहार सांगतो. पण त्यांचे मत असे की, ज्या नर्तकाने अभिजात कृती नाचलीच नाही तो नर्तक घडतच नाही.

पहिली काही वर्षे देणग्यांवर आणि तिकिटांवर गेली. मग १९५७ साली कॅनडा कौन्सिल स्थापन झाले. याची गंमत अशी की, आयझॅक वॉल्टन किलॅम आणि सर जेम्स डन या दोन धनाढ्य गृहस्थांच्या मृत्यूनंतर त्यांच्या इस्टेटींवरील वारसाकरातून सरकारला जी प्रचंड रक्कम मिळाली, तिच्यातून या कौन्सिलला १० कोटी डॉलर देण्यात आले. त्यांपैकी निम्मे विद्यापीठांच्या इमारतींसाठी आणि निम्मे कायमची ठेव म्हणून. पुढे संसदेचे वार्षिक अनुदान सुरू झाले. पैसा सरकारचा, पण तो कोणाला द्यायचा हे मंत्र्याने ठरवायचे नाही. ते कौन्सिलने, कलेतील जाणकारांचा सल्ला घेऊन ठरवायचे. हात देणारा असावा, पण तो मानेवर नसावा, हे त्यामागचे तत्त्व.

येथे एखादा श्रोता विचारील, आणि त्याने विचारावेच : कंपनी चांगली असेल तर ती तिकिटांवर का चालू नये? गिरणी चालते, छापखाना चालतो, मग नाचच का चालू नये? या प्रश्नाचे उत्तर बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली एका ग्रंथात दिले. गिरणीत नवे यंत्र आले की तोच कामगार दुप्पट कापड काढतो. त्याची मजुरी वाढली तरी कापड महाग होत नाही. पण चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसे लागत, आजही चारच लागतात, आणि वेळही तेवढाच लागतो. बाहेरच्या जगातली मजुरी वाढत जाते तशी ती या चौघांचीही वाढवावी लागते, काम मात्र तेवढेच राहते. म्हणजे कलेचा खर्च चढतो तो उधळपट्टीने नव्हे, तर इतर धंद्यांच्या भरभराटीने. बॅलेला तर हे शंभर हातांनी लागू आहे. हंसिनी कमी करता येत नाहीत. वाद्यवृंद कमी केला तर चायकोव्हस्की ओळखू येत नाही. प्रमुख नर्तिकेचे हाताने शिवलेले बूट एका प्रयोगातच निकामी होऊ शकतात. नाटकमंडळी चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता पाहा, रंगमंदिराचा आकारसुद्धा काय नाचायचे ते कसे ठरवतो. १९६४ साली ही कंपनी जुन्या रॉयल अलेक्झांड्रा थिएटरातून ओकीफ सेंटरमध्ये गेली. तेथे ३,००० हून अधिक खुर्च्या. एवढ्या विस्तीर्ण रंगमंचावर चार माणसांचा नाजूक प्रयोग शेवटच्या रांगेला दिसणार कसा? त्याच वर्षी क्रँकोचा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आणि नवा ‘नटक्रॅकर’ कंपनीने उभे केले, ही आमच्या मते नुसती योगायोगाची गोष्ट नव्हे. मोठे घर मोठा संसार मागते.

यातला सर्वांत मोठा जुगार १९७२ चा. रशियातून निघून आलेला जगप्रसिद्ध नर्तक रुडॉल्फ न्यूरेयेव्ह याने या कंपनीसाठी ‘स्लीपिंग ब्यूटी’ बसवायला घेतला. अंदाज होता अडीच लाख डॉलरांचा. खर्च गेला चार लाखांच्या घरात. राजवाड्याचे देखावे, भरजरी पोशाख, यांत कोठेही हात आखडता घ्यायला हा मनुष्य तयार नव्हता. कंपनी बुडण्याच्या काठावर आली. टीकाही झाली की, राष्ट्रीय कंपनी एका परक्या ताऱ्याच्या मागचा पडदा बनली. ती अगदीच खोटी नव्हती. अमेरिकेच्या दौऱ्यात लोक येत ते न्यूरेयेव्हला पाहायला. पण त्याच दौऱ्याने १९७३ मध्ये कंपनीला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसपर्यंत नेले, आणि त्याच्याबरोबर नाचलेली करेन केन ही तरुण मुलगी त्याच वर्षी मॉस्कोच्या स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. पुढे २००५ ते २०२१ पर्यंत तीच या कंपनीची कलासंचालक होती. १९७२ च्या वहीत हा खर्च तोट्याच्या बाजूला मांडला गेला असेल. पण तीस वर्षांनंतरची जमा त्या वहीत कोण मांडणार?

जुगार रोज खेळता येत नाही. रोजच्या भाकरीची सोय लागते. ती ‘नटक्रॅकर’ने केली. १८९२ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला हा नाताळचा बॅले उत्तर अमेरिकेत घरोघरचा सण झाला आहे. जे लोक वर्षभर बॅलेकडे फिरकत नाहीत ते डिसेंबरात मुलाबाळांना घेऊन येतात. टोरोंटोत १९९५ पासून जेम्स कुडेल्का यांनी बसवलेला प्रयोग नाताळात होत आला आहे. काही रसिक नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. त्या गर्दीच्या पैशावरच मार्च महिन्यातला, चार लोकांना कळणारा नवा प्रयोग उभा राहतो.

मात्र पैशाच्या तंगीत माणसांची मनेही तुटतात. १९९० नंतरच्या दशकात सरकारी अनुदाने घटली, आणि कलासंचालक रीड अँडरसन यांनी त्या कपातीला कंटाळून १९९६ साली कंपनी सोडली. त्यानंतर कुडेल्का यांनी नव्या, खर्चिक ‘स्वान लेक’चा संकल्प सोडला. १९९८ च्या अखेरीस एका प्रमुख नर्तिकेचा करार पुढे चालू ठेवायचा नाही असे ठरले. नर्तकांची प्रतिनिधी म्हणून आपण या खर्चाला विरोध केला, त्याची ही शिक्षा, असे तिचे म्हणणे. निर्णय निव्वळ कलात्मक होता, असे कंपनीचे म्हणणे. प्रकरण लवादापुढे गेले आणि २००० साली तडजोडीने मिटले. न्याय कोणाच्या बाजूला होता हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण प्रश्न खराच आहे : पैसा थोडा असेल, तर तो आधी पडद्यांवर खर्चावा की नाचणाऱ्यांवर?

अलीकडे एक शहाणपणाची वाट सापडली आहे. लंडनच्या रॉयल बॅलेशी भागी करून २०११ साली ‘ॲलिस’चा बॅले दोघांनी मिळून उभा केला, खर्च वाटला गेला आणि प्रेक्षक दोन खंडांत मिळाले. पण भागीत एक धोका आहे. दोघांना चालेल तेच निवडायचे म्हटले की एकट्याचे असे काही उरत नाही. म्हणून क्रिस्टल पाइट या कॅनेडियन नृत्यरचनाकार बाईंनी २००९ साली याच कंपनीसाठी रचलेल्या ‘इमर्जन्स’चे मोल आम्हाला अधिक वाटते. मधमाश्यांच्या पोळ्यावरून सुचलेल्या या रचनेत राजवाडा नाही, राजकन्या नाही; पण ती त्या मातीतली आहे.

श्रोतेहो, या सगळ्याचा मथितार्थ काय? कंपनीला पैसा तीन दारांनी येतो : प्रेक्षक, सरकार आणि दाता. प्रेक्षकाला ओळखीचे नाव हवे असते, सरकारला स्वदेशी आणि नवे हवे असते, दात्याला भव्य हवे असते. तिघांपैकी एकाच्याच हाती किल्ली गेली की कला त्याची बटीक होते. तिन्ही दारे उघडी असली, तर कलावंताला एकाला नम्रपणे ‘नाही’ म्हणता येते, आणि हे ‘नाही’ म्हणण्याचे बळ हीच कलेची खरी पुंजी.

करातून नाच कशाला पोसायचा, असा आक्षेप घेणाऱ्याला आम्ही तुच्छ मानत नाही. करातला पैसा अनेकदा गरिबाच्या घामाचा असतो. त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे. फक्त हिशेब मागताना विचारावे ते असे : तिकीट स्वस्त आहे का? गावोगाव प्रयोग जातात का? नवी मुले शिकतात का? नवे काही रचले जाते का? याची उत्तरे ‘होय’ असतील, तर राहिलेली तूट ही तूट नव्हे; ती शाळेवर होणाऱ्या खर्चासारखी, उद्याच्या पिढीच्या नावावर टाकलेली ठेव आहे. आणि उत्तरे ‘नाही’ असतील, तर नफ्यात चाललेली कंपनीसुद्धा दिवाळखोर समजावी.