पदवी आणि पगार यांच्या मधली वर्षे

महाविद्यालय सुटल्यापासून नोकरीत बूड टेकेपर्यंतची चार-पाच वर्षे हा अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या तिघांचा सामाईक विषय आहे. सामाईक जमिनीचे होते तेच त्याचेही झाले : हद्दीवरून वाद पुष्कळ, मशागत थोडी. तरीही गेल्या पन्नास वर्षांतले काही अभ्यास मूलभूत म्हणावेत असे आहेत.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकती नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, की जागा रिकामी असल्याचे कळले कुठून? निम्म्याहून अधिकांना ते ओळखीतून कळले होते. आणि ही ओळख बहुधा घरोब्याची नव्हती, कधीमधी भेटणाऱ्यांची होती. महाराष्ट्रात ओळख म्हटली की वशिला आठवतो. इथे अभिप्रेत आहे ती नुसती बातमी. जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती लांबच्या वर्तुळातून. घरातली पहिली पदवी मिळवणाऱ्या मुला-मुलींजवळ नेमके हेच वर्तुळ नसते, आणि कोणत्याही गुणपत्रिकेत ही उणीव दिसत नाही.

दुसरा धागा वेळेचा. लिसा कान यांनी १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या अमेरिकी गोऱ्या पुरुषांचा मागोवा घेतला. पदवीच्या वर्षी बेकारीचा दर एका टक्क्याने जास्त असला, तर सुरुवातीचा पगार सहा ते सात टक्क्यांनी कमी पडत होता आणि पंधरा वर्षांनंतरही ही तूट पुरती भरून निघाली नव्हती. कॅनडातल्या पदवीधरांवरच्या अभ्यासात ऑरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांना ही तूट साधारण दहा वर्षांत बुजताना दिसली. ती कशी बुजते, हे जास्त उद्बोधक आहे. मंदीत मुले लहान, कमी पगाराच्या आस्थापनांत शिरतात. त्यांतली हुशार किंवा चांगल्या शाखेची मुले पुढे बरी नोकरी धरतात, बाकीची तिथेच राहतात. म्हणजे मंदी सर्वांवर येते, पण तिचे हप्ते सर्वांना सारखे पडत नाहीत.

जपानमध्ये हे सर्वांत कठोरपणे दिसले. तिथे मोठ्या कंपन्या विद्यार्थ्यांना पदवीपूर्वीच निवडतात आणि सगळी तुकडी १ एप्रिलला रुजू होते. १९९०च्या दशकात ही भरती आटली. ज्यांची ती एक संधी हुकली, त्यांच्यातले अनेक जण कंत्राटी कामातच अडकले. ‘हिमयुगाची पिढी’ हे नाव त्यांना मिळाले. त्यांतले बहुतेक चाळिशीच्या आसपास आल्यावर, २०१९मध्ये, जपान सरकारला त्यांच्यासाठी खास रोजगार कार्यक्रम जाहीर करावा लागला.

उलट, सुरुवातीच्या धरसोडीला घरोघरी जितकी नावे ठेवली जातात तितकी ती वाईट नसते. रॉबर्ट टोपेल आणि मायकल वॉर्ड यांच्या अभ्यासातला अमेरिकी तरुण पहिल्या दहा वर्षांत सरासरी सात नोकऱ्या करत होता, आणि त्या काळातल्या पगारवाढीचा सुमारे एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्यातून येत होता.

भारतातले चित्र वेगळे आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालानुसार पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांत बेकारीचा दर ४२ टक्क्यांवर होता. पस्तिशीपुढच्या पदवीधरांत तो पाच टक्क्यांच्या आत. मधल्या दहा वर्षांत काय घडते? बरेच जण सरकारी नोकरीच्या परीक्षा देत वाट पाहतात. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत ही वाट पाहणे डोळ्यांनी दिसते : ठरलेले टेबल, त्यावर चालू घडामोडींची मासिके, दुपारी मेसचा डबा, रात्री पुन्हा तेच टेबल. ‘प्रिलिम निघाली, मेन्सला दोन मार्कांनी गेलं’ हे वाक्य तिथे रोजचे. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाला ३८व्या वर्षापर्यंत बसता येते, त्यामुळे थांबायचे कधी हे लोकसेवा आयोग सांगत नाही.

याच उमेदवारांचा अभ्यास कुणाल मंगल यांनी केला. ते किती वर्षे खर्ची घालतात यावरून त्यांनी सरकारी नोकरीचे मोल काढले, तेव्हा त्यातला मोठा वाटा पगाराबाहेरचा निघाला : स्थैर्य, मान, लग्नाच्या बाजारातली पत. त्यांचा दुसरा अभ्यास तमिळनाडूचा. तिथे २००१ ते २००६ सरकारी भरती जवळपास बंद होती. जागा घटल्यावर तरुण दुसरीकडे वळतील असे वाटावे, घडले उलटे. त्यांनी तयारीचा काळ वाढवला, आणि पुढे त्यांची कमाई मागे राहिली. मुलांना आळशी ठरवणाऱ्यांनी हे वाचायला हवे. ही मुले कष्ट करतच असतात. त्या कष्टांना परीक्षेबाहेर बाजारभाव नसतो, एवढेच.

या साऱ्यात महाविद्यालये कुठे आहेत? त्यांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या नमुन्यात त्या वर्षी बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, हे विचारले जाते. तो आकडा भरला की फाइल बंद. ऑफर लेटर मिळाले पण जॉइनिंगची तारीख आलीच नाही, सहा महिन्यांत नोकरी सुटली, किंवा मुलगी लग्नानंतर घरी बसली, यातले काहीच नोंदले जात नाही. वर उल्लेखलेले पगाराबद्दलचे परदेशी निष्कर्ष निघाले ते माणसांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून, आणि मराठी मुलखातल्या महाविद्यालयांत हाच कच्चा माल गोळा होत नाही. त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही. माजी विद्यार्थ्यांची यादी, फोन आणि चिकाटीचे दोन सहायक पुरेसे आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीपासून हे काम यंदाच सुरू करावे, आणि ज्यांची नोकरी सांगण्यासारखी नाही त्यांना आधी फोन करावा.