सनदी लेखापालाची परीक्षा आणि अभ्यासाची चाल

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज येथे ज्या मुलामुलींचा सत्कार झाला त्यांपैकी पुष्कळांनी ‘पुढे काय करणार?’ ह्या प्रश्नास ‘सी. ए.’ असे एका दमात उत्तर दिले. ते ऐकून आम्हांस आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. ही वाट किती लांबीची आहे व ती कोणत्या चालीने चालावयाची, हे आपल्या घरांतून फारसे कोणी सांगत नाही. म्हणून चिटणीसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा हाच विषय घेण्याचे आम्ही ठरविले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. हिशेबशास्त्रातील खाचाखोचा सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु अभ्यास कशाने टिकतो आणि कशाने विरतो, हे आम्ही वर्गात उभे राहून पाहिले आहे. शिवाय ही परीक्षा देणारी ज्ञातीतील मुले आपली सुखदुःखे आमच्याजवळ बोलून दाखवितात.

ह्या विद्येचे आपल्या मुंबईशी जुने नाते आहे. सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले, आणि हिशेबनिसांसाठी सरकारी पदविका १९१८ साली मुंबईतच सुरू झाली. पुढे कायदा झाला आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. ह्या संस्थेची सनद मिळाल्यावाचून कोणासही हा व्यवसाय करता येत नाही. ज्याच्या सहीवर कंपनीचे भागधारक आणि सरकारचे करखाते विश्वास ठेवतात, त्याची परीक्षा कठीण असावी हे योग्यच होय.

२०२३ साली संस्थेने अभ्यासक्रमाची नवी योजना आणली. तीप्रमाणे फाउंडेशन, इंटरमीजिएट व फायनल अशा तीन पायऱ्या आहेत. फाउंडेशनसाठी नाव नोंदविल्यावर चार महिने, इंटरमीजिएटसाठी आठ महिने, मग दोन वर्षे लेखापालाच्या कचेरीत उमेदवारी, आणि ती संपल्यावर फायनलपूर्वी सहा महिने. ही बेरीज ४२ महिन्यांची होते. सर्व पायऱ्या पहिल्याच प्रयत्नात चढल्या तरी साडेतीन वर्षे लागणारच. निकालाची वाट पाहण्यात जाणारा काळ वेगळा. पालकांनी हा आकडा प्रथमच मनाशी धरावा.

आता यशाचे प्रमाण पाहा. नोव्हेंबर २०२४ च्या फायनल परीक्षेस दोन्ही गटांत मिळून ३०,७६३ उमेदवार एकदम बसले. त्यांपैकी ४,१३४ दोन्ही गटांत उत्तीर्ण झाले. म्हणजे शंभरांत तेरा-चौदा. जे राहिले ते मंदबुद्धीचे होते काय? मुळीच नव्हे. प्रत्येकाने इंटरमीजिएट पार केली होती, उमेदवारी केली होती. मग ते अडले कोठे? आमच्या मते पुष्कळसे चालीत अडले. प्रारंभी सावकाश, शेवटी धावपळ, आणि मध्ये उजळणी नाही, असा हा प्रकार असतो.

गुणांचा नियमही असा आहे की धांदरटाला तो क्षमा करीत नाही. इंटरमीजिएट व फायनल ह्यांत तीन-तीन पेपरांचे दोन गट असतात. प्रत्येक पेपरात शंभरांपैकी ४० गुण हवेत, आणि गटात ३०० पैकी १५०. एका उमेदवारास ७०, ६५ आणि ३९ गुण मिळाले, तर बेरीज १७४ भरूनही तो गट अनुत्तीर्ण. दुसऱ्यास तिन्हींत ४८ मिळाले, तर बेरीज १४४, तोही अनुत्तीर्ण. तिसऱ्यास ४०, ४५ आणि ६५ मिळाले, तर बेरीज नेमकी १५०, आणि तो उत्तीर्ण! ह्यावरून बोध असा की, आवडत्या विषयात रमून नावडत्याकडे पाठ फिरविणे हा आत्मघात होय. आणि सर्वत्र काठावर राहणेही पुरत नाही.

ह्याच नियमात एक दिलासाही आहे. पहिल्या उमेदवाराचे ७० व ६५ वाया जात नाहीत. साठ किंवा अधिक गुण मिळालेल्या पेपरास पुढील तीन प्रयत्नांपर्यंत सूट मिळते. मात्र त्यासाठी गटातील सर्व पेपरांस बसलेले असावे लागते. ‘आज तयारी नाही, हा पेपर सोडून देतो,’ असे म्हणून जो घरी राहतो तो ही सूटही गमावतो. म्हणून मुलांनो, तयारी कमी वाटली तरी परीक्षागृहाची पायरी चढावी.

आता चालीविषयी. इंटरमीजिएटचे आठ महिने म्हणजे सुमारे २४० दिवस, आणि विषय सहा. प्रत्येक विषयाच्या पहिल्या वाचनास २५ दिवस धरले तर १५० दिवस जातात. पहिल्या उजळणीस विषयामागे ८ दिवस, म्हणजे ४८. घड्याळ लावून सरावाच्या उत्तरपत्रिका लिहिण्यास व तपासून घेण्यास विषयामागे २ दिवस, म्हणजे १२. शेवटच्या उजळणीस विषयामागे ३ दिवस, म्हणजे १८. एकूण २२८ झाले. उरलेले १२ दिवस ताप, घरचे लग्न, गणपती ह्यांसाठी मोकळे ठेवावे. ज्या वेळापत्रकात आजारपणास जागा नाही ते भिंतीवरच शोभते. हे आकडे कोणी आपल्या सोयीने बदलावे. परंतु उजळणीचे दिवस कापून पहिले वाचन लांबवू नये. लहानपणी पाढे पाठ झाले ते एका रात्रीत नव्हे. रोज संध्याकाळी म्हटले म्हणून ते साठ वर्षांनीही ओठांवर आहेत. लेखाशास्त्राची गणिते आणि कायद्याची कलमे ह्यांनाही हाच न्याय लागू आहे. शिवाय गणित नुसते वाचून येत नाही. ते हाताने सोडवावे लागते, आणि तेही दिलेल्या वेळात.

पुस्तकांविषयी एक सूचना. थोरल्या भावाची जुनी पुस्तके धाकट्याने वापरणे ही आपल्या घरांतील चांगली काटकसर आहे. परंतु ह्या परीक्षेत ती घात करते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि अप्रत्यक्ष करांची जुनी पुस्तके रद्दी झाली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा संमत झाला, आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. तेव्हा आपल्या प्रयत्नास कोणता कायदा लागू आहे हे संस्थेच्या पत्रकात पाहूनच पुस्तक उघडावे. संस्थेचे स्वतःचे अभ्याससाहित्य आणि सरावाचे पेपर विनामूल्य उपलब्ध आहेत. ते बाजूस सारून महागड्या शिकवण्यांमागे धावण्यात अर्थ नाही.

उमेदवारीच्या दोन वर्षांत खरी परीक्षा देहाची असते. लेखापरीक्षणाच्या दिवसांत मुलगा रात्री उशिरा घरी येतो; त्यातून प्रवास. अशा वेळी त्याने रोज चार तास वाचावे अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय. रोज एक तास, पण न चुकता, एवढे व्रत पाळावे. कचेरीत आज जे काम केले त्याचे कलम रात्री पुस्तकात शोधावे. ते सहसा विसरत नाही.

आता वडीलधाऱ्यांशी दोन शब्द. निकाल लागला की आपल्याकडे लग्नमुंजीत, हळदीकुंकवात एकच प्रश्न होतो: ‘सुटला का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ज्याला विचारले जाते तो पुढच्या समारंभास येईनासा होतो. मुलींची अवस्था तर अधिक बिकट. मुलास तिसऱ्या प्रयत्नाची मुभा देणारे घर मुलीस दुसऱ्याच प्रयत्नानंतर ‘आता पुरे, स्थळ आले आहे’ असे म्हणते. चाळिसाला एक गुण कमी पडलेल्या मुलीची दोन वर्षांची मेहनत आपण अशी पाण्यात घालतो. ही परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा होते. काही महिने थांबण्याने कोणाचे घर बुडत नाही. तथापि प्रयत्नांस मर्यादाच नसावी असेही आमचे म्हणणे नाही. किती प्रयत्न करावयाचे हे घरातल्या सर्वांनी आरंभीच बसून ठरवावे, आणि सोबत पदवी पूर्ण करून ठेवावी. म्हणजे वाट बदलावी लागली तरी वर्षे फुकट गेली असे होत नाही.

शेवटी मंडळास नम्र विनंती. आपली शिष्यवृत्ती उत्तीर्ण झालेल्यासच मिळते. जो एका पेपरात अडला आणि पुन्हा बसणार आहे, त्याला परीक्षाशुल्काची गरज अधिक असते. त्याच्यासाठी निराळा लहानसा निधी काढावा. दुसरे, परीक्षेच्या आधीचे दोन महिने ह्या सभागृहाची वरची खोली सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत वाचनासाठी खुली ठेवावी. आपल्यापैकी कित्येकांची घरे एकाच खोलीची आहेत हे आपण जाणता. तिसरे, ज्ञातीतील प्रत्येक सनदी लेखापालाने वर्षातून दोन विद्यार्थ्यांच्या सराव-उत्तरपत्रिका तपासून द्याव्या. ह्यास पैसा लागत नाही. दोन रविवार लागतात.

आज ज्यांचा सत्कार झाला त्यांचे अभिनंदन करतोच. परंतु पुढील वर्षी ह्याच व्यासपीठावर तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्या एखाद्या मुलीसही तितक्याच मानाने बोलावले जावे, अशी इच्छा व्यक्त करतो.