वाळूवरचं गवत आणि काळ्या रानातलं पाणी

(दौंड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय पत्रिकेत वाचून अनेकांना प्रश्न पडला असेल, की दौंडच्या उन्हात समुद्रकाठच्या गोल्फ मैदानाचं काय काम? गोल्फ कसा खेळतात हे मी आज सांगणार नाही. ते मैदान जो राखतो, त्या माणसाबद्दल मी बोलणार आहे. तिकडे त्याला ग्रीनकीपर म्हणतात. उद्यानविद्या शिकून मी आधी पुण्यात मैदानांच्या कामाला लागलो आणि पुढे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर काही हंगाम हेच काम केलं. माझं घर मात्र इथलंच, कालव्याखालचं, उसाचं. त्यामुळे तिथल्या वाळूत हात घालताना मन सारखं इकडच्या रानात यायचं. जमीन राखणाऱ्यानं आधी पाहायचं आणि मग द्यायचं, हे मी तिथे शिकलो. आज मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायचं आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पुळण आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांचा एक पट्टा असतो. नांगराला तो निरुपयोगी. पाणी ठरत नाही, खत टिकत नाही, पीक उभं राहत नाही. म्हणून तो गावाचा गायरानासारखा वापरात राहिला. तिथे मेंढरं चरायची, कपडे वाळायचे आणि लोक खेळायचे. खेळाचं वेड इतकं, की धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ साली राजा दुसऱ्या जेम्सच्या काळात गोल्फवर बंदी घालावी लागली. पुढे १५५२ मध्ये सेंट अँड्र्यूज गावच्या आर्चबिशपला तिथे ससे पाळायची मुभा मिळाली, पण त्याच कागदावर गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्क कायम राहिला. जमीन पडीक होती, पण ती बेवारस नव्हती.

अशा जमिनीवर उत्तम गवत उगवतं, ते जमीन गरीब असते म्हणूनच. फेस्क्यू नावाचं सुईसारख्या बारीक पात्याचं गवत तिथे तग धरतं. त्याला खायला थोडं लागतं, प्यायला थोडं लागतं आणि ते पाण्याच्या शोधात मुळं खोल सोडतं. मेंढरांनी ते खुडून खुडून आखूड ठेवलं, वाऱ्यानं दाट केलं. त्या जमिनीवर कुणी आराखडा घेऊन आला नव्हता. मेंढरं, ससे, वारा आणि पायवाटा यांनी घडवलेलं मैदान माणसानं पुढे राखायला घेतलं.

या पट्ट्याची खरी राखण समुद्राच्या बाजूनं होते. तिथे मॅरम नावाचं उंच, राकट गवत असतं. त्याच्यावर वाळू येऊन पडली की ते मरत नाही, त्या वाळूतून वर येतं आणि तिला मुळांनी बांधून ठेवतं. लोक ते छपरांसाठी आणि चटयांसाठी उपटत असत. १६९४ साली उत्तरेकडची कल्बिन नावाची सुपीक जहागीर उडत्या वाळूखाली गाडली गेली. लगेच पुढच्या वर्षी, १६९५ मध्ये, स्कॉटलंडच्या संसदेनं वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं आणि गवत उपटण्यास बंदी करणारा कायदा केला. आपल्या कोकण किनाऱ्यावर हेच काम मर्यादवेल करते. जांभळ्या फुलांची, पुळणीवर पसरत जाणारी ही वेल उपटली की वाळू चालू लागते. कोकणात मात्र तसं मैदान होत नाही, कारण तिथे चार महिन्यांत तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने ऊन. फेस्क्यू तिथे जगायचं नाही. प्रत्येक किनाऱ्याची राखणदार वनस्पती वेगळी, आणि ती ओळखणं हे कामातलं पहिलं ज्ञान.

आता माणसाकडे येतो. टॉम मॉरिस हा १८२१ साली सेंट अँड्र्यूजला जन्मला. १८५१ मध्ये तो पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला मैदान राखायला गेला. १८६० साली जी ओपन स्पर्धा तिथे सुरू झाली, ती त्यानं स्वतः १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा जिंकली. १८६५ मध्ये तो आपल्या गावी ग्रीनकीपर म्हणून परतला, तेव्हा त्याच्या हाती एक ढकलगाडी, एक खोरं आणि एक फावडं दिलं गेलं. विजेता खेळाडू आणि हातात खोरं. १९०३ पर्यंत त्यानं हे काम केलं.

त्याच्या नावावर सांगितली जाणारी मोठी गोष्ट म्हणजे वाळू. प्रेस्टविकला गवतावर चुकून वाळू सांडली आणि काही दिवसांनी तिथलंच गवत तरारून आलेलं त्याला दिसलं, असं सांगतात. तेव्हापासून गवतावर बारीक वाळूचा पातळ हात देणं हा या धंद्याचा नेम झाला. दुसरी गोष्ट रविवारची. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान आजही रविवारी खेळाला बंद असतं. खेळणाऱ्यांना सुट्टी नको असली तरी जमिनीला हवी, हा मॉरिसचा आग्रह होता. त्या दिवशी गावातली माणसं मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन जगप्रसिद्ध गवतावरून फिरतात. १८९४ साली संसदेच्या कायद्यानं ती जमीन गावाच्या हाती आली आणि १९७४ पासून एक विश्वस्त संस्था ती सांभाळते.

रोजचं काम पहाटे सुरू होतं. आधी दव झाडायचं. लांब लवचिक काठी गवतावरून फिरवली की थेंब खाली पडतात, पातं कोरडं होतं, बुरशी धरत नाही. मग ग्रीन कापायचं. ग्रीन म्हणजे जिथे चेंडू भोकात घालायचा ती जागा. उन्हाळ्यात तिथलं गवत चार-पाच मिलिमीटरचं असतं. भोक सव्वाचार इंच व्यासाचं, आणि त्याची जागा वारंवार बदलायची, म्हणजे एकाच ठिकाणी पाय पडून गवत मरत नाही. मग वाळूचे खड्डे दाताळ्यानं ओढायचे. या खड्ड्यांच्या उभ्या भिंती गवताच्या ढलप्यांच्या असतात. एकावर एक, सांधे चुकवून, विटांचं बांधकाम करावं तसे ते रचतात आणि मागे माती ठोकून भरतात. ऊन-वाऱ्यानं काही वर्षांत भिंत खचते आणि पुन्हा पहिल्यापासून रचावी लागते. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर असे ११२ खड्डे आहेत. हिवाळाभर हेच काम चालतं.

पण ज्या कामानं मला शिकवलं, ते याहून साधं. आमच्या मुख्य ग्रीनकीपरच्या हातात एक पोकळ नळी असायची. ती ग्रीनमध्ये दाबायची, फिरवायची आणि अलगद वर काढायची. आत वीतभर मातीचं कांडं येतं. वर हिरवी कड, तिच्याखाली मेलेल्या काड्यांचा तपकिरी थर, त्याखाली वाळू आणि वाळूत उतरलेली पांढरी मुळं. ते कांडं तळहातावर आडवं ठेवून तो मुळं कुठवर गेली आहेत ते बोटानं मोजायचा, मग चिमटीत वाळू दाबून ओल पाहायचा, मग नाकाशी धरायचा. माती निरोगी असली की पहिल्या पावसाचा वास येतो. पाणी साचून हवा कोंडली असली, की मध्ये काळा पट्टा दिसतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. हे सगळं झाल्यावर तो ठरवायचा, आज पाणी द्यायचं की नाही. बहुतेक दिवशी उत्तर नाही असंच असायचं. जिथे डाग पडला आहे, तेवढ्याच जागेला हातानं नळीचं पाणी द्यायचं. शेजारचं गवत पिवळं पडलं तरी मुळं खोल असतील तर ते मेलेलं नाही, हे त्याला त्या कांड्यावरून कळायचं.

हे शहाणपण त्या देशानंही मध्यंतरी बाजूला ठेवलं होतं. विसाव्या शतकात स्वस्त नत्रखत आलं, जमिनीतून फवारे उडवणाऱ्या नळ्या आल्या आणि रंगीत टेलिव्हिजनवर अमेरिकेतली गर्द हिरवी मैदानं दिसू लागली. आपलंही तसंच हवं, असा खेळणाऱ्यांचा आग्रह सुरू झाला. पाणी वाढलं, खत वाढलं आणि पोआ नावाचं उथळ मुळांचं गवत शिरलं. ते लवकर हिरवं होतं, लवकर रोगाला बळी पडतं आणि पाणी तुटलं की आधी मरतं. खोल मुळांचं फेस्क्यू त्याच्यापुढे मागे हटलं. जमिनीवर स्पंजासारखा थर चढला. मग काही जुन्या ग्रीनकीपरांनी हट्टानं पाणी आणि खत कमी करत नेलं. २००६ साली इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हॉयलेकला ओपन स्पर्धा झाली, तेव्हा मैदान उन्हानं करपून गव्हाळ झालं होतं. चेंडू इतका धावत होता, की जिंकणाऱ्या टायगर वुड्सनं चार दिवसांत सगळ्यात लांब टोल्याची काठी एकदाच वापरली. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या कार्नूस्टीलाही तेच दिसलं. पाऊस आल्यावर ते गवत पुन्हा हिरवं झालं, कारण खाली मुळं शाबूत होती.

मैदान राखण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ साली निघाला, पण आपल्या मातीतली खरी राखणदारी मला क्रिकेटच्या मैदानावर दिसते. सुधीर नाईक यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. १९७०-७१ मध्ये त्यांनी मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. भारताकडून ते तीन कसोटी खेळले आणि एकदिवसीय क्रिकेटमधला भारताचा पहिला चौकार त्यांच्याच बॅटमधून निघाला. हाच माणूस पुढे अनेक वर्षं वानखेडेच्या खेळपट्टीची निगा राखत उन्हात उभा राहिला. २०११ चा विश्वचषकाचा अंतिम सामना ज्या खेळपट्टीवर झाला, ती त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची लाल माती, तिच्यात किती ओल ठेवायची, रोलर किती फिरवायचा, हे त्यांनी ठरवलं. मॉरिस आणि नाईक या दोघांनीही मैदानाचं काम कमीपणाचं मानलं नाही, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावं. आणि आपल्या मैदानांवर गवत कोणतं? हरळी. जिच्यासाठी आपण उसात खुरपणीवर पैसे घालवतो आणि गणपतीला जिची जुडी वाहतो, तीच. तीही खोल जाते, चिवट असते आणि आपल्या उन्हात टिकते.

आता आपल्या रानाकडे येऊ. सेंट अँड्र्यूजच्या भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिने थोडाथोडा. दौंडला त्याहून कमी, आणि तो चार महिन्यांत. तरी तिथला ग्रीनकीपर पाणी देताना दहा वेळा माती पाहतो, आणि आपण खडकवासल्याचं आवर्तन सुटलं की दारं धरून सरी तुडुंब भरतो. शेतकरी असं का करतो हे मला कळतं. पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसते, रात्रीच्या विजेवर माणूस उभा असतो, म्हणून मिळेल तेवढं घेतो. पण आपली काळी माती वाळूच्या उलट आहे. ती पाणी धरून ठेवते. निचरा नसला की पाण्याची पातळी वर येते, उन्हानं पाणी उडतं आणि क्षार वर राहतात. मग रान पांढरं पडतं, चोपण होतं, पावसात चिखल आणि उन्हात दगड. हे आजचं नाही. १९१० साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी शेजारच्या नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. शंभर वर्षांपूर्वीच इशारा मिळाला होता.

आणि वाळू? आपल्याकडे वाळू म्हटलं की लिलाव, यारी आणि रात्री धावणारे ट्रक आठवतात. भीमेच्या पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, गाळते आणि काठच्या विहिरींना पुरवते. ती उपसली की पात्र खोल जातं आणि विहिरी आटतात. स्कॉटलंडनं १६९५ मध्ये वाळू धरून ठेवणारं गवत वाचवायला कायदा केला. आपल्याकडेही नियम आहेत, पण नियम पाळून घेणारं गाव हवं. सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी आपला हक्क शतकानुशतकं धरून ठेवला म्हणून ती जमीन आज त्यांची आहे. भीमेचा काठही आपल्याला तसाच धरून ठेवावा लागेल.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे सगळं माहीत होतं. ढेकूळ हातात घेऊन, मुठीत दाबून, वाफसा आला की नाही हे ते सांगत. मातीत जितकं पाणी हवं तितकीच हवाही हवी, हे त्या मुठीत होतं. स्कॉटलंडच्या ग्रीनकीपरची ती नळी आणि आपल्या आजोबांची ती मूठ एकच काम करतात. आजोबांकडे वेळ होता, आपल्याकडे मोटर आहे, एवढाच फरक.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. पुढच्या आवर्तनात दार उघडण्याआधी प्रत्येकानं आपल्या रानात तीन ठिकाणी हातभर खोल खणून पाहावं. वरची माती, मधली माती आणि खालची ओल चिमटीत दाबून पाहावी, वास घ्यावा, उसाची मुळं कुठवर गेली ते पाहावं. ओल असेल तर पाळी लांबवावी. घरातल्या शाळकरी मुलाला सोबत घ्यावं आणि जे दिसलं ते त्याच्याकडून वहीत लिहून घ्यावं. आणि आपल्या शाळांच्या, तालमींच्या मैदानांवर एकेक जाणता माणूस नेमावा, त्याला चांगला पगार द्यावा आणि त्याच्या शब्दाला मान द्यावा. तो म्हणाला की आज मैदानाला विश्रांती, तर त्या दिवशी मैदान बंद ठेवावं. एवढं झालं तरी काळ्या रानाचा कस टिकेल, असा माझा विश्वास आहे.