उद्याचा वायदा

दैनंदिन व्यवहारात जे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत, त्यांत 'उद्या' या शब्दाचा क्रम बराच वरचा लागेल. शिंपी, सोनार, घड्याळजी, छापखानेवाले अशा अनेकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला. अलीकडच्या काळात त्याचा वारसा मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या गॅरेजकडे गेला आहे. गाडी सोमवारी टाकावी, मंगळवारचा वायदा मिळावा, मंगळवारी इंजिन उघडून पडलेले दिसावे, बुधवारी एखादा भाग यावयाचा असावा आणि शनिवारी मिस्त्रीच लग्नाला गावी गेलेला असावा, हा अनुभव ज्याला आलेला नाही असा वाहनधारक विरळाच. मराठीत निदान 'काल' आणि 'उद्या' हे दोन शब्द वेगळे आहेत. दुर्ग-भिलाईसारख्या हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाची पंचाईत अधिक होते. तेथील मिस्त्री 'कल' म्हणतो, आणि हा शब्द गेलेल्या दिवसालाही लागतो व यावयाच्या दिवसालाही. वायद्याच्या बाबतीत ही संदिग्धता फारच सोयीची ठरते!

दुर्ग आणि भिलाई या जोडशहरांतील पद्मनाभपूर ही वस्ती या विषयाचा विचार करण्यास योग्य जागा आहे. या प्रदेशाचा मराठीशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. पुढे मध्यप्रांताचा आणि १९५६ पर्यंतच्या मध्यप्रदेशाचा कारभारही नागपुराहूनच चाले. त्या निमित्ताने आलेली मराठी घराणी दुर्ग-रायपूरकडे स्थायिक झाली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोविएत रशियाशी करार होऊन भिलाईला पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. त्यानंतर येथे देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. कारखान्याच्या आसपास वसाहती वाढत गेल्या, आणि घर व काम यांच्यामधील अंतरही वाढत गेले.

झोतभट्टी हे यंत्र असे आहे की, ते एकदा पेटविले म्हणजे दिवस-रात्र चालूच ठेवावे लागते. तिच्याभोवतीचे सारे जीवन पाळ्यांत विभागलेले असते. पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाला बसची वाट पाहून चालत नाही, आणि रात्री पाळी सुटते तेव्हा बस असेलच याची शाश्वती नसते. अशा गावी मोटारसायकल ही तरुणांच्या हौसेची वस्तू राहत नाही, ती रोजीचे साधन होते. त्यातही कायम नोकरीतील कामगारापेक्षा कंत्राटदाराच्या हाताखाली रोजाने काम करणारा अधिक अडचणीत येतो. त्याची गाडी चार दिवस गॅरेजमध्ये अडकली तर रिक्षाचे भाडे तरी जाते, नाहीतर खाडा तरी पडतो. दुरुस्तीचे बिल हजार रुपयांचे असेल; पण त्या बिलात न लिहिलेली रक्कम काही वेळा त्याहून मोठी असते.

एक काळ असा होता की, वाट पाहावी लागे ती वाहन मिळण्यासाठी. १९६० आणि १९७० च्या दशकांत स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबण्याची पाळी ग्राहकावर येत असे. पुण्याजवळच्या आकुर्डीहून निघणारी स्कूटर दारात आली म्हणजे पेढे वाटले जात. पुढे परवान्यांचे निर्बंध सैल झाले, जपानी सहकार्याने बनलेल्या चारफटकी इंजिनाच्या गाड्या १९८५ पासून बाजारात आल्या, आणि आज दुचाकी वाहन हप्त्यांवर एका दिवसात घरी नेता येते. परंतु प्रतीक्षा नाहीशी झाली नाही; तिने फक्त जागा बदलली. पूर्वी ती विक्रेत्याच्या नोंदवहीत होती, आता ती मिस्त्रीच्या ओट्यावर येऊन बसली आहे.

हा विलंब होतो तरी कशाने? चिडलेल्या ग्राहकाला त्याचे एकच कारण दिसते, आणि ते म्हणजे मिस्त्रीचा आळस. वस्तुतः कारणे तीन आहेत. पहिले कारण निदानाचे. गाडी धूर सोडते एवढे बाहेरून कळते. पण दोष पिस्टनच्या रिंगचा आहे, व्हॉल्व्हच्या सीलचा आहे, की सिलिंडरच झिजला आहे, हे इंजिन उघडल्यावाचून निश्चित होत नाही. सिलिंडर झिजलेला निघाला तर तो बोअर करून घ्यावयास लेथवाल्याकडे पाठवावा लागतो, आणि तेथे दुसरी रांग लागते. म्हणजे पहिल्या दिवशी दिलेला वायदा बहुधा अज्ञानातच दिलेला असतो.

दुसरे कारण सुट्या भागांचे. खपाच्या गाडीची क्लच प्लेट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पण ज्या गाडीचे उत्पादन बंद झाले आहे, तिचा भाग रायपूरला शोधावा लागतो, तेथे नसेल तर अडीचशेहून अधिक किलोमीटरांवरील नागपुराहून मागवावा लागतो, आणि आलेला भाग भलत्याच मापाचा निघाला तर सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. शिवाय एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले. कार्ब्युरेटरची जागा बहुतेक नव्या गाड्यांत इंधन फवारणाऱ्या विद्युत्‌नियंत्रित यंत्रणेने घेतली. ज्या मिस्त्रीचे अर्धे आयुष्य इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखण्यात गेले, त्याला आता संवेदक आणि तपासणीचे उपकरण यांची भाषा शिकावी लागत आहे. त्याच्या कानाचे कसब खोटे ठरलेले नाही, पण ते एकटे पुरेसे राहिलेले नाही.

तिसरे कारण रांगेचे. ते सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये दूरध्वनींच्या गर्दीचे गणित मांडले. त्यातून रांगांचे एक शास्त्रच निर्माण झाले. त्या शास्त्राचा एक साधा सिद्धांत गॅरेजला लावून पाहण्यासारखा आहे. समजा, एका मिस्त्रीच्या हातून दिवसाला सरासरी १० गाड्या होतात. गाड्या नियमाने येत नाहीत, आणि प्रत्येकीला लागणारा वेळही सारखा नसतो. दिवसाला सरासरी ८ गाड्या येत असतील, तर त्याच्या दारात सरासरी ४ गाड्या उभ्या दिसतील आणि प्रत्येक गाडी सरासरी अर्ध्या दिवसात बाहेर पडेल. आवक ९ झाली की उभ्या गाड्या ९ होतील आणि अर्ध्या दिवसाचा एक दिवस होईल. आवक साडेनऊ झाली की उभ्या गाड्या १९ होतील आणि एका दिवसाचे दोन दिवस होतील. म्हणजे काम वाढले पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि विलंब मात्र झाला चौपट! मिस्त्री पूर्वीइतकाच राबतो, किंबहुना अधिक राबतो, तरी ग्राहकांच्या शिव्या वाढतात. दिवाळीपूर्वी, लग्नसराईत किंवा पहिल्या पावसानंतर हे चित्र कोणत्याही गॅरेजात दिसते. त्याला कारण हे गणित असते, आळस नव्हे.

मात्र एवढ्याने मिस्त्रीची सर्वस्वी सुटका होत नाही. विलंब अपरिहार्य असेल, पण खोटा वायदा अपरिहार्य नसतो. आलेली गाडी परत पाठविली तर गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तो प्रत्येक गाडी ठेवून घेतो. इतकेच नव्हे, तर ती लगेच उघडून ठेवतो, कारण उघडलेल्या इंजिनाची गाडी मालकाला दुसरीकडे नेता येत नाही. मग वेळ मारून नेण्यासाठी 'उद्या' हा शब्द उपयोगी पडतो. त्यात दुष्टपणापेक्षा भिडस्तपणाच अधिक असतो. समोरच्या माणसाचा चेहरा उतरू नये म्हणून तो गोड उत्तर देतो, आणि त्या गोड उत्तरापायी त्या माणसाला चार हेलपाटे घालावे लागतात. गाडी आठ दिवस मिळणार नाही असे प्रथमच कळले असते, तर त्याने शेजाऱ्याबरोबर जाण्याची सोय केली असती, पाळी बदलून घेतली असती. रोज 'उद्या' ऐकणारा माणूस कोणतीच सोय करू शकत नाही. त्याचे नुकसान होते ते अनिश्चिततेने, दिवसांच्या संख्येने तितकेसे नाही.

जुन्या महाराष्ट्रीय खेड्यातील बलुतेपद्धतीची आठवण येथे उपयोगी पडेल. सुतार आणि लोहार वर्षभर नांगर, पाभर, गाडी दुरुस्त करीत, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने घेत. मृगापूर्वी पाभर तयार झाली नाही तर पेरणी चुके, पीक कमी येई, आणि बलुतेही त्याच प्रमाणात घटे. विलंबाचा तोटा दोघांनाही सोसावा लागे. त्या पद्धतीत जातीची सक्ती होती, अन्याय होता. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यातील एक तत्त्व विचार करण्याजोगे आहे. आजच्या गॅरेजमध्ये विलंबाचा तोटा बहुतांशी एकट्या मालकाला सोसावा लागतो, आणि ज्याला तोटा नाही त्याला घाईही नसते.

कायदा याविषयी अगदीच मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे दुरुस्तीस दिलेली वस्तू हे एक प्रकारचे निक्षेपण असते. मुदत ठरलेली नसेल, तर काम वाजवी मुदतीत झाले पाहिजे, असे ४६ वे कलम सांगते. वाजवी म्हणजे किती, हे मात्र ज्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवावयाचे. ठरल्या वेळी वस्तू परत न केल्यास, तेव्हापासून तिची जी हानी होईल तिची जबाबदारी १६१ वे कलम कारागिरावर टाकते. उलट ज्याने आपले श्रम आणि कसब खर्च केले, त्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क १७० वे कलम देते. शिवाय पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीत त्रुटी राहिल्यास ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पण हजार रुपयांच्या दुरुस्तीसाठी तेथे जावयाचे, म्हणजे गॅरेजचे हेलपाटे चुकवून दुसरे हेलपाटे पत्करावयाचे. कायदा ही शेवटची पायरी आहे; पहिली पायरी गॅरेजच्या ओट्यावरच असली पाहिजे.

ती पायरी फार उंच नाही. गाडी घेताना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: गाडीचा क्रमांक, मालकाने सांगितलेली तक्रार, खर्चाचा अंदाज आणि तारीख. इंजिन उघडल्यावर निराळा दोष निघाला तर त्याच दिवशी मालकाला दूरध्वनी करून नवा अंदाज आणि नवी तारीख सांगावी. भाग हाती येईपर्यंत, गाडी चालण्याजोगी असेल तर, ती मालकाकडेच राहू द्यावी. भिंतीवर एक फळा असावा आणि त्यावर गाड्यांचे क्रमांक आल्या क्रमाने लिहावेत, म्हणजे कोणाचीही गाडी मागच्या दाराने पुढे सरकणार नाही. आणि दिवसाच्या कामात थोडी जागा मोकळी ठेवावी. वर सांगितलेले गणित खरे असेल, तर दहांऐवजी आठच गाड्या घेणारा मिस्त्री दोन गाड्या गमावतो, पण आठ माणसांचा विश्वास कमावतो.

मालकाचीही काही कर्तव्ये आहेत. 'गाडी बरोबर चालत नाही' एवढे सांगून निघून जाणे म्हणजे वैद्याला 'बरे वाटत नाही' एवढेच सांगण्यासारखे आहे. थंड इंजिनाला त्रास होतो की तापलेल्या, आवाज चढावर येतो की उतारावर, हे सांगितले तर निदानाचा अर्धा दिवस वाचतो. किती खर्चापर्यंत विचारल्यावाचून काम करावे, हेही आधीच सांगता येते. साहेबांची गाडी म्हणून आपली गाडी रांगेच्या पुढे ढकलणारा मनुष्य स्वतःचा एक दिवस वाचवितो आणि इतर दहाजणांचा घालवितो. आणि पुढल्या खेपेस आणखी मोठा साहेब आला म्हणजे तोच कुरकुर करतो. दुरुस्त झालेली गाडी आठ-आठ दिवस न नेणारे, नेताना बिलातून शे-दोनशे रुपये कापणारे आणि उधारी ठेवून दुसरे गॅरेज धरणारे गिऱ्हाईक मिस्त्रीच्या भांडवलावरच घाव घालते. ज्याच्याजवळ रोख नाही, तो सुटे भाग आधी आणून ठेवू शकत नाही. आणि भाग नाहीत म्हणून पुन्हा विलंब होतो. या चक्राचा एक आरा मालकाच्याही हातात आहे.

श्रोतेहो, छत्तीसगडात श्रावणापूर्वीच्या अमावास्येस हरेलीचा सण येतो. त्या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतात. महाराष्ट्रात खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, आणि दसऱ्याला मोटारसायकलीलाही झेंडूची माळ मिळते. हत्याराला देव मानणाऱ्या समाजाने ते हत्यार चालविणाऱ्या हाताला मान दिला पाहिजे, हे उघड आहे. पाहिले तर पाना फिरविणारा हात आणि मोटारसायकलीची मूठ पिळणारा हात हे दोन्ही कामकऱ्याचेच हात आहेत. पहाटेच्या पाळीला निघालेल्या कामगाराला मिस्त्रीकडून चमत्काराची अपेक्षा नसते. गाडी गुरुवारी मिळणार असेल तर गुरुवार असे कळावे, एवढेच त्याला हवे असते. कागदाच्या कपट्यावर लिहिलेली ती खरी तारीख मिस्त्रीला एका पैशाच्याही खर्चात पाडीत नाही. आणि ती हाती असली म्हणजे कामगाराला उरलेल्या दिवसांची तजवीज स्वतःच करता येते.